आमसभेत प्रश्न विचारायचा कोणी?

पावसाळ्याच्या दिवसांत गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर संस्थांच्या आमसभांच्या सूचना यायला लागतात. वाचनालय, नाट्यमंडळ, शिक्षणसंस्था, क्रीडा मंडळ, भजनी मंडळ. नावं वेगळी, मजकूर एकच. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. गतवर्षीचा जमाखर्च व ताळेबंद मंजूर करणे. चालू वर्षाच्या अंदाजपत्रकास मान्यता देणे. हिशेब तपासनीस नेमणे. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. आणि तळाला टीप असते: गणसंख्येअभावी (किमान उपस्थिती नसल्याने) सभा तहकूब झाल्यास ती त्याच जागी अर्ध्या तासाने भरेल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन असणार नाही.

या टिपेत बेकायदेशीर काही नाही. बहुतेक संस्थांच्या घटनेत ही सोय असते आणि अडचणीच्या वेळी ती लागतेही. पण ज्या संस्थेची आमसभा दर वर्षी तहकूब होऊनच भरते, तिथे सभासद येणार नाहीत हे गृहीत धरूनच खुर्च्या मांडलेल्या असतात. दीडशे-दोनशे सभासदांच्या संस्थेत वीसेक माणसं जमतात आणि त्यांतली निम्मी कार्यकारिणीची असतात. हिशेब ज्यांनी द्यायचा, तेच हिशेब घ्यायलाही बसलेले असतात. ताळेबंदाची प्रत दारातच हातात पडते, ती उलटीसुलटी करून पाहीपर्यंत सूचक आणि अनुमोदक यांची नावं घेतली जातात, टेबलावरून माईक पुढच्या विषयाकडे सरकतो. तासाभरात चहा येतो.

गोव्यातल्या सेवाभावी आणि सांस्कृतिक संस्थांबद्दल आपण बोलतो तेव्हा दोन गाऱ्हाणी हमखास ऐकू येतात: पैसा नाही आणि माणसं नाहीत. दोन्ही खरी आहेत. पण मला वाटतं, या दोन्हींच्या मुळाशी तिसरी उणीव आहे. आपल्या कार्यकारिणी राबतात खूप आणि विचारतात फार कमी. मंडप घालण्यापासून पाहुण्यांना पोचवण्यापर्यंत सगळं त्या करतात. संस्थेच्या वतीने प्रश्न विचारण्याचं काम मात्र त्यांच्याशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही, आणि नेमकं तेच कोणाच्याही वाट्याला येत नाही.

हे असं पहिल्यापासून नव्हतं. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं, पाठोपाठ चर्च आणि शासन वेगळं झालं, आणि गोव्यातल्या हिंदू समाजाला उघडपणे संस्था काढण्याची मोकळीक मिळाली. पुढच्या काही वर्षांत गावोगाव मराठी शाळा निघाल्या, वाचनालयं निघाली. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापील मजकुरावर सेन्सॉर बसला, सभासंमेलनांवर नजर राहू लागली, तरी यांतल्या कितीतरी संस्था तगल्या. त्यांना सरकारी अनुदान नव्हतं. वर्गणीदार होते, धान्याच्या रूपाने मदत करणारे होते, शिक्षकाला घरी जेवू घालणारे होते. पैसा सभासदांच्या खिशातून येई, म्हणून विचारणाही सभासदांकडूनच होई.

१९६१ नंतर चित्र पालटलं आणि ते चांगल्यासाठीच पालटलं. अनुदानित शाळांच्या शिक्षकांचा पगार सरकार देऊ लागलं. वाचनालयांना अनुदान मिळू लागलं. कला व संस्कृती संचालनालयाकडून नाट्य, संगीत, भजन यांसाठी मदत येऊ लागली. खाणपट्ट्यातल्या तालुक्यांत खाणमालकांच्या देणग्यांनी सभागृहं उभी राहिली, मैदानं सपाट झाली. यात वाईट काही झालं नाही. पण पैशाची दिशा बदलली तशी हिशेबाची दिशाही बदलली. अनुदान कसं खर्च झालं हे सांगणारं विनियोग प्रमाणपत्र सरकारी खात्याला गेलं, अहवाल देणगीदाराला गेला, आणि वर्षाला पन्नास-शंभर रुपये भरणारा सभासद नकळत प्रेक्षक झाला. तो उरला फक्त निवडणुकीपुरता.

मग सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मधे काही काळ सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ भाडेपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. सत्तरी, डिचोली, सांगे, केपे या भागांत ज्या मंडळांचा वार्षिक कार्यक्रम एका खाणीच्या देणगीवर उभा होता, त्यांना अचानक सभासदांची आठवण झाली. पण सभासद होते कुठे? नोंदवहीतले कितीतरी वारलेले, कितीतरी गाव सोडून गेलेले, आणि नव्या पिढीला वर्षानुवर्षं सभासद करून घेतलेलंच नव्हतं.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एका जुन्या संस्थेच्या आमसभेला बसलो होतो. जमाखर्चाचा विषय निघाला. मागच्या रांगेतली एक तरुण सभासद उभी राहिली. बँकेत नोकरी करणारी असावी, आकडे तिने बरोबर हेरले होते. तिने विचारलं, इमारत निधीची मुदत ठेव मुदतीआधी का मोडली? सभागृह शांत झालं. खजिनदार म्हणजे सत्तरी ओलांडलेले, गावाने डोक्यावर घेतलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला आणि कोकणीत एवढंच म्हटलं, "तुका आमचेर विश्वास ना?" (तुझा आमच्यावर विश्वास नाही?) ती खाली बसली. कोणीतरी घाईने अनुमोदन दिलं. मला नंतर कळलं की छप्पर गळत होतं, पावसाळा तोंडावर आला होता आणि ठेव मोडून दुरुस्ती केली होती. उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते संपूर्ण सचोटीचं होतं. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. तरी कोणी ते उच्चारलं नाही, कारण प्रश्न हा अपमान आहे असं सगळ्यांनी मानलं. इतिवृत्तात नोंद झाली, जमाखर्च एकमताने मंजूर. ती मुलगी पुढच्या वर्षी आली नाही.

मला त्या खजिनदारांबद्दल आदरच आहे. अशा माणसांनीच या संस्था पोसल्या. पण विश्वास आणि तपासणी ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत हा समज मोडल्याशिवाय आपली कार्यकारिणी सुधारणार नाही. हिशेब विचारल्याने पहिलं संरक्षण मिळतं ते हिशेब ठेवणाऱ्यालाच. गोव्यातल्या गावांत फिरलात तर अशी घरं सापडतील, जिथे वडील पंधरा-वीस वर्षं कुठल्या तरी मंडळाचे खजिनदार होते आणि त्यांच्या मागे कुजबुज उरली. त्यांनी पैसे खाल्ले नव्हते. फक्त त्यांना कोणी वेळेवर विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी दिलेली उत्तरं कुठे नोंदलेली नव्हती. मुलांना त्या कुजबुजीला तोंड द्यावं लागतं आणि हातात एक कागद नसतो. वेळच्या वेळी विचारलेला प्रश्न आणि इतिवृत्तात लिहिलेलं उत्तर, एवढ्याने एका कुटुंबाची अब्रू राखता आली असती.

हाच न्याय कोऱ्या धनादेशांना. अध्यक्ष पणजीला राहतात, सचिव नोकरीवर, दर वेळी सहीसाठी धावाधाव नको, म्हणून दहा-बारा धनादेशांवर आधीच सह्या करून पुस्तक खजिनदाराकडे देऊन टाकायचं. कितीतरी संस्थांत हे चालतं आणि याला सोय म्हणतात. दोन सह्यांचा नियम दोन माणसांनी खर्च पाहावा म्हणून केलेला असतो. कोऱ्या धनादेशावर दुसरी सही असूनही दुसरं माणूस नसतं. आता बँकेचे व्यवहार मोबाइलवर होतात, एकाने भरलेला व्यवहार दुसऱ्याने मान्य करायचा अशी सोय अनेक बँका संस्थांच्या खात्यांना देतात. तेव्हा धावाधावीची सबबही फारशी उरलेली नाही.

भाषेचाही एक पेच आपल्याकडे आहे, तो महाराष्ट्रातल्या संस्थांना बहुधा जाणवणार नाही. आपल्या सभांत वाद कोकणीत होतो, इतिवृत्त मराठीत लिहिलं जातं आणि ताळेबंद सनदी लेखापालाकडून इंग्रजीत येतो. वादातली धार मराठीत उतरताना बोथट होते: ‘साधकबाधक चर्चा झाली’. आणि ताळेबंदातलं बोलकं असेल ते बहुसंख्य सभासदांना वाचताच येत नाही. ज्या कागदाला माणूस हात वर करून मान्यता देतो, तो त्याला कळला पाहिजे, इतकी साधी अपेक्षा आहे. लेखापालाचा ताळेबंद राहू द्या, पण त्यासोबत एक पानभर मराठी पत्रक हवं. वर्षाच्या सुरुवातीला बँकेत किती होतं, कुठून किती आलं, कशावर किती गेलं, ठेवी किती आणि कुठल्या बँकेत, देणी किती, येणी किती. ‘किरकोळ खर्च’ ही बाब प्रकाशयोजनेच्या खर्चापेक्षा मोठी असेल तर ती फोडून दाखवायची. हे पत्रक सभेआधी किमान पंधरा दिवस सभासदांच्या हाती पडलं पाहिजे. व्हॉट्सॲपच्या गटावर एरवी आपण सुप्रभात पाठवतोच.

कार्यकारिणीच्या मासिक बैठकांत काय चालतं, तेही पाहावं. निमंत्रणपत्रिकेवर कोणाचं नाव कोणाच्या वर, प्रमुख पाहुणा कोण, शाल कुठून आणायची, यावर दीड तास जातो. वाचनालयाच्या कार्यकारिणीला विचारा, गेल्या वर्षी किती पुस्तकं वाचकांच्या घरी गेली? वीस वर्षांखालचे वाचक किती? बहुतेकदा उत्तर ग्रंथपालाला ठाऊक असतं आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. मराठी माध्यमाच्या प्राथमिक वर्गांची पटसंख्या घसरते आहे, हे शाळा चालवणाऱ्या प्रत्येक मंडळाला माहीत आहे. पण आपल्या शाळेच्या परिसरात पाच वर्षांनी शाळेत येतील अशी मुलं किती, त्यांचे पालक काय विचार करताहेत, ही माहिती घेऊन बैठकीला बसणारं व्यवस्थापन विरळा. स्नेहसंमेलनावर मात्र तीन बैठका होतात. वर्षाच्या बारा बैठकांतल्या दोन तरी अशा ठेवाव्यात की त्यांत कार्यक्रमांचा विषय घ्यायचाच नाही. संस्था कशासाठी आहे, त्यातलं काय साधतं आहे आणि काय साधत नाही, एवढंच बोलायचं.

याच्याशी जोडलेली दुसरी खोड म्हणजे कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने स्वतःला अधिकारी समजणं. ग्रंथपालाला किंवा कार्यालयातल्या लिपिकाला पाच जण पाच आज्ञा देतात. एक सांगतो कपाट इकडे हलव, दुसरा दुपारी येऊन तिकडे. पगारी माणूस हैराण होतो, किंवा सगळ्यात जोरात बोलणाऱ्याचा होतो. कार्यकारिणीचा अधिकार बैठकीत असतो. बैठक संपली की त्यातला कोणीही एकटा संस्थेचा मालक नसतो. कर्मचाऱ्याने एकालाच जबाबदार असावं, सचिवाला किंवा मुख्याध्यापकाला, आणि बाकीच्यांनी काही सांगायचं तर त्याच्यामार्फत सांगावं. एवढा एक ठराव कितीतरी संस्थांतली रोजची कुरबुर थांबवू शकेल.

आता नात्यागोत्याचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. इथे कोणी ना कोणी कोणाचा तरी मेव्हणा असतोच. मंडपवाला खजिनदाराचा साडू निघतो, छापखाना अध्यक्षांच्या पुतण्याचा. मोठ्या शहरांसाठी लिहिलेले नियम सांगतात की हितसंबंध असलेल्याशी व्यवहारच करू नका. पेडणे किंवा काणकोणच्या एखाद्या गावात हा नियम पाळायचा तर मंडप बेळगावहून आणावा लागेल. माझं म्हणणं वेगळं आहे. नातं असण्यात दोष नाही, ते लपवण्यात आहे. तीन दरपत्रकं मागवावीत. ज्याचं नातं आहे त्याने ते बैठकीत सांगावं, निर्णय होईपर्यंत बाहेर जाऊन बसावं, आणि हे सगळं इतिवृत्तात लिहावं. साडूचा दर सगळ्यांत कमी असेल तर काम त्यालाच मिळू दे. मग चारचौघांत बोलायला कोणाला जागा उरत नाही आणि साडूलाही मान ताठ ठेवता येते.

सगळ्यांत अवघड विषय मुदतीचा. तीस-तीस वर्षं एकच अध्यक्ष असलेल्या संस्था आपल्याकडे आहेत आणि त्यांतल्या काही उत्तम चाललेल्या आहेत, हे मी नाकारत नाही. संस्थापकांचा त्याग मोठा असतो, त्यांनी स्वतःच्या घरातून पैसा घातलेला असतो. पण संस्था त्यांच्या आयुष्याइतकीच टिकावी अशी त्यांचीही इच्छा नसते. दर तीन वर्षांनी बिनविरोध निवड होते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. बिनविरोध निवड हा एकोप्याचा पुरावा असेल, किंवा कोणाला उभं राहावंसंच वाटलं नाही याचा. दुसरी शक्यता तपासून पाहायला हवी.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळ हीदेखील तमिळनाडूच्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली एक संस्था आहे. त्याच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या न्या. लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये मान्य केल्या, त्यात पदाधिकाऱ्यांना एका मुदतीनंतर सक्तीची विश्रांती होती. २०१८ मध्ये ती अट सैल झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आणखी सैल झाली. खुर्ची सोडणं किती जड जातं ते यावरून दिसतं. आपल्या वाचनालयाच्या खुर्चीत तसा पैसा नाही, सत्ता नाही. तरीही ती सुटत नाही, कारण तिच्यात मान आहे आणि निवृत्तीनंतरच्या आयुष्याला तिचा आधार आहे. हे समजून घेऊनच नियम करायला हवा. तीन वर्षांच्या लागोपाठ दोन मुदती, मग किमान तीन वर्षं पदाबाहेर. पदाबाहेर म्हणजे दाराबाहेर नव्हे. सल्लागार म्हणून त्यांना बैठकीला सन्मानाने बोलवा, त्यांची आठवण आणि ओळखी संस्थेला हव्याच आहेत. मत आणि धनादेश पुस्तक मात्र दुसऱ्याकडे जाऊ द्या.

यावर उत्तर येतं: माणसंच मिळत नाहीत. तरुण पुण्याला, बेंगळुरूला, परदेशात गेलेत. जे आहेत त्यांना वेळ नाही. फुकट काम करणाऱ्यांवर तुम्ही नियमांचा बोजा टाकलात तर उरलेलेही जातील. हा आक्षेप मी हलका मानत नाही. फुकटात रविवार देणाऱ्या माणसाशी सरकारी बाबूसारखं वागणं हा अन्याय आहे. पण माणसं मिळत नाहीत असं म्हणणाऱ्या संस्थांची सभासदत्वाची कलमं उघडून पाहिली आहेत का? दोन विद्यमान सभासदांची शिफारस हवी, कार्यकारिणीची मंजुरी हवी, कारण न देता अर्ज फेटाळण्याचा अधिकार कार्यकारिणीला. कितीतरी ठिकाणी अर्ज वर्षभर फाइलमध्ये पडून असतात, कारण नवे सभासद म्हणजे नवी मतं. गावात बाहेरून येऊन स्थायिक झालेला शिक्षक, सून म्हणून आलेली पदवीधर बाई, निवृत्त होऊन परतलेला बँक अधिकारी, यांना कोणी विचारतच नाही. बायकांना विचारलंच तर ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून एक जागा, आणि त्या जागेवरचं काम म्हणजे हळदीकुंकू आणि पाहुण्यांना ओवाळणं. ज्या घरांतली जमाखर्चाची वही वर्षानुवर्षं बायकाच ठेवत आल्या, तिथल्या संस्थांत खजिनदार बाई इतकी क्वचित का दिसते?

आणि तरुणांना वेळ नाही हेही अर्धंच खरं. हाक मारली की ये, खुर्च्या उचल, अशा कामाला ते कंटाळतात. जबाबदारी आखून दिली की येतात. हिशेबाची वही संगणकावर आणायची, एक वर्षात. जुन्या इतिवृत्तांची छायाचित्रं काढून जपायची, सहा महिन्यांत. असं नेमकं काम आणि ते करण्यापुरता अधिकार दिला तर बेंगळुरूत बसलेला मुलगाही रात्री दहाला ऑनलाइन बैठकीला हजर राहतो. हे मी पाहिलेलं आहे.

आमदार-मंत्र्यांना अध्यक्ष करण्याच्या प्रथेबद्दल थोडक्यात. अनुदानाची फाइल हलते, हे खरं. पण निवडणुकीनंतर सरकार बदललं की तीच फाइल थांबते, हेही खरं. शिवाय आमदार अध्यक्ष असताना हिशेबाचा प्रश्न विचारणं म्हणजे राजकीय बाजू घेणं ठरतं, आणि सभासद गप्प बसतो. पाहुणे म्हणून बोलवा, सत्कार करा, पदावर बसवू नका.

मग कायदा काय करतो? गोव्यात संस्था नोंदल्या जातात त्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. १८५७ च्या धामधुमीनंतर लगेचचा हा कायदा, त्याची भाषा जुनी, पण त्यात सभासदाच्या हाती काय काय दिलं आहे ते फार थोड्यांना माहीत असतं. सात माणसं एकत्र आली की संस्था होते. चौथ्या कलमाप्रमाणे दर वर्षी कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे, म्हणजे संस्थांची नोंदणी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यावी लागते. अकराव्या कलमाप्रमाणे सभासदानेच संस्थेचा पैसा लाटला तर त्याच्यावर परक्या माणसासारखाच खटला चालतो. घरचं प्रकरण म्हणून कायदा ते सोडून देत नाही. पंधराव्या कलमाप्रमाणे तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकवणाऱ्याला मताचा हक्क राहत नाही. निवडणुकीच्या तोंडावर एखादा उमेदवार दीडशे जणांची थकबाकी स्वतःच्या खिशातून भरतो, तेव्हा तो याच कलमाचा आत्मा मारत असतो. वर्गणी ज्याची त्यानेच, त्याच्या खात्यातून भरावी, असा नियम घटनेत घालायला काही अडचण नाही. आणि एकोणिसाव्या कलमाप्रमाणे निबंधकाकडे दाखल झालेली संस्थेची कागदपत्रं कोणालाही पाहता येतात. मूळ कायद्यात त्याचं शुल्क एक रुपया होतं.

महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यामुळे धर्मादाय आयुक्त आहेत. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. गोव्यात तसा आयुक्त नाही आणि तो आणावा अशी मागणी अधूनमधून होते. माझा त्याला विरोध आहे. महाराष्ट्रात हे बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित राहतात आणि वाद दोन गटांच्या वकिलांकडे जातो. आपल्याकडे देवस्थानांना १९३३ चं नियमन आहे, मामलेदार त्यांचा प्रशासक असतो, महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या परंपरागत सभासदांच्या, समित्यांची ठरावीक मुदत असते. म्हणून देवस्थानांतले तंटे थांबले का? वरून नजर ठेवणारा आला की आतले लोक त्याच्याकडे तक्रारी करायला शिकतात, एकमेकांना विचारायला शिकत नाहीत. सरकारने करायचं ते छोटं आहे: निबंधकांकडे दर वर्षी येणाऱ्या याद्या आणि हिशेब संकेतस्थळावर टाकावेत. आपल्या गावच्या मंडळाची यादी शेवटची कधी गेली होती, हे कोणालाही घरबसल्या पाहता आलं की पुष्कळ काही आपोआप हलेल.

आयकराच्या सवलतीचं नूतनीकरण आता ठरावीक वर्षांनी करावं लागतं, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हवा तर तीन वर्षांचे हिशेब आणि ठराव मागितले जातात. बाहेरून ही शिस्त येतेच आहे. पण ती पुन्हा पैसे देणाऱ्यासाठीची शिस्त आहे. मला हवी आहे ती सभासदासाठीची.

हे सगळं एका वर्षात होणारं आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. संस्थेचा उद्देशच बदलायचा असेल तर बाराव्या कलमाप्रमाणे महिन्याच्या अंतराने दोन सभा आणि तीन पंचमांश मतं लागतात. मुदतीचा नियम, सभासदत्वाचा नियम, धनादेशाचा नियम हे उद्देश नव्हेत. त्यांना घटनेतली दुरुस्तीची कलमं पुरतात. आषाढात तिघा-चौघांनी बसून मसुदा करावा. त्यात एक लेखापाल, एक कार्यकारिणीबाहेरची बाई आणि एक माजी पदाधिकारी असावा. मसुदा आणि मराठी हिशेबपत्रक सभेच्या सूचनेबरोबरच सभासदांना पाठवावं. आमसभा चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात ठेवू नये, त्या दिवसांत गोव्यात कोणी कुठे येत नाही. ऑगस्टचा एखादा मोकळा रविवार धरावा. आणि गणसंख्या भरली नाही तर त्या टिपेप्रमाणे अर्ध्या तासाने सभा उरकण्याऐवजी ती पंधरा दिवस पुढे ढकलावी, आणि मधल्या काळात कार्यकारिणीने यादीतल्या प्रत्येक सभासदाच्या दारी जाऊन ‘तुम्ही का आला नाहीत’ असं विचारावं आणि मिळालेली उत्तरं लिहून सभेपुढे ठेवावीत.